पत्र्याच्या शेडमध्ये शांत ऑफिस कसे उभे राहते

भोसरी, चाकण, अंबड किंवा वाळूज अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या कारखान्यात गेल्यास ऑफिस बहुधा दोनपैकी एका ठिकाणी आढळते. एक तर ते शेडच्या समोर वेगळ्या दुमजली इमारतीत असते, नाही तर शेडच्याच एका कोपऱ्यात ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि काच लावून केलेल्या केबिनमध्ये असते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. त्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत जी शेडे उभी राहिली, त्यांत बसून काम करणारी माणसे मोजकीच असत: मालक, हिशेबनीस, टायपिस्ट आणि स्टोअरकीपर. आता त्याच शेडमध्ये डिझाइन, गुणवत्ता तपासणी, खरेदी आणि नियोजन या विभागांतील वीस-पंचवीस माणसांना दिवसभर संगणकासमोर एकाग्र होऊन बसावे लागते आणि तरीही त्यांना यंत्रांपासून दूर नेता येत नाही, कारण त्यांचे निम्मे प्रश्न यंत्रांशेजारीच सुटतात.

अशा ठिकाणी शांत आणि आधुनिक ऑफिस करायचे ठरले की चर्चा बहुधा रंग, फर्निचर आणि कुंड्यांतील झाडे यांपासून सुरू होते. प्रत्यक्षात तेथील शांतता आवाज, उष्णता, हवा आणि उजेड या चार गोष्टींवर ठरते, आणि या चारही बाबतीत औद्योगिक शेड बैठ्या कामाच्या नेमके विरुद्ध असते. उंच छप्पर, कडक पृष्ठभाग, पातळ पत्रा आणि मोठी दारे हे यंत्रांच्या दृष्टीने गुण आहेत. माणसाला विचार करायचा असेल तेव्हा तेच दोष ठरतात. त्यामुळे संपूर्ण शेड शांत करण्याचा हट्ट न धरता शेडच्या आत स्वतंत्र, स्वतःचे छत असलेली खोली उभारणे आणि तिच्याभोवतीचा गोंगाट मुळातच कमी करणे, हा या कामाचा गाभा आहे.

आवाजापासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक पैसा तेथेच चुकीच्या जागी खर्च होतो. आवाज शोषणे आणि आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मऊ, सच्छिद्र वस्तू आवाज शोषते, म्हणजे त्याच जागेत तो पुन्हा पुन्हा परावर्तित होऊन घुमण्याचे थांबवते. जड आणि फटी नसलेली भिंत आवाज अडवते, म्हणजे तो एका जागेतून दुसऱ्या जागेत जाऊ देत नाही. केबिनच्या पातळ पार्टिशनला आतून फोमचे तक्ते चिकटवून बाहेरच्या पॉवर प्रेसचा आवाज थांबत नाही, कारण फोमला वजन नसते. उलट, जाड वीटभिंतींची पण आतून पूर्ण कडक असलेली खोली बाहेरचा आवाज थांबवते, मात्र आत बोलणाऱ्या चार माणसांचा गलका तिच्यात असह्य होतो. ऑफिसला दोन्ही गुण लागतात, आणि ते दोन वेगवेगळ्या वस्तूंमधून मिळवावे लागतात.

आवाज घुमण्याचे गणित वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने मांडले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळेनासे झाले, तेव्हा त्यामागील कारण शोधण्याचे काम त्याच्याकडे आले. दुसऱ्या सभागृहातील आसनांच्या गाद्या तेथे आणून त्याने आवाज विरायला लागणारा वेळ पुन्हा पुन्हा मोजला. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते: खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे. मिळालेल्या सेकंदांत आवाज ६० डेसिबलने खाली येतो.

हे सूत्र आपल्याकडील शेडला लावून पाहू. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ८ मीटर उंच शेडचे घनफळ ४८०० घनमीटर होते. जमीन, छप्पर आणि भिंती मिळून सुमारे २००० चौरस मीटर पृष्ठभाग होतो, आणि काँक्रीट व पत्रा मिळून त्यावर पडणाऱ्या आवाजाचा सरासरी ५ टक्के भाग शोषतात असे धरले, तर एकूण शोषण १०० चौरस मीटर भरते. उत्तर येते ७.७ सेकंद. प्रत्यक्ष शेडमध्ये यंत्रे, रॅक आणि माल यांमुळे हा आकडा कमी होतो, पण रिकाम्या शेडमध्ये पडलेला एक पाना इतका वेळ का ऐकू येतो ते यावरून कळते. आता छताच्या खालच्या बाजूला ८० टक्के आवाज शोषणारा थर पूर्ण लावला, तर एकूण शोषण ५५० होते, कालावधी १.४ सेकंदांवर येतो आणि शेडमध्ये सर्वत्र भरून राहिलेला गोंगाट सुमारे ७ डेसिबलने उतरतो. हा फरक कानाला स्पष्ट जाणवतो, मात्र ऑफिसला तो पुरेसा नाही. ऑफिससाठी हा कालावधी साधारण अर्ध्या ते पाऊण सेकंदाच्या आसपास असावा लागतो. छत उंच असताना केवळ अस्तर लावून तेथवर पोहोचता येत नाही, आणि म्हणूनच कमी उंचीचे छत असलेली आतली खोली अपरिहार्य ठरते.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते, जी अनेकांना खटकते. मोकळ्या मैदानात यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने घटतो. कडक पृष्ठभागांच्या बंद शेडमध्ये मात्र यंत्रापासून काही पावलांवरच परावर्तित आवाज थेट आवाजापेक्षा वरचढ होतो, आणि त्यापुढे दूर जाण्याचा फायदा झपाट्याने कमी होतो. ऑफिससाठी सर्वांत लांबचा कोपरा निवडूनही गोंगाट तितकाच राहतो तो यामुळे. अंतराचा उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर आधी छताला अस्तर हवे.

आता आवाज अडवण्याकडे वळू. शेडमध्ये ९० डेसिबल आवाज असेल आणि केबिनमध्ये तो ४५ वर आणायचा असेल, तर भिंतीने ४५ डेसिबल अडवले पाहिजेत. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची वीटभिंत साधारण ५० डेसिबल अडवते. स्टीलच्या पोकळ चौकटीच्या दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर आणि मध्ये रॉकवूल (दगडापासून काढलेल्या तंतूंची लोकर) भरलेली हलकी भिंत नीट बांधली, तर तीही जवळपास तेवढेच काम करते, आणि तिचे वजन कमी असल्याने जुन्या जमिनीवर सहज उभी राहते. कसोटी लागते ती फटींची. १८ चौरस मीटरच्या अशा भिंतीत एक मीटर रुंदीचे दार असेल आणि त्याच्याखाली फक्त एक सेंटिमीटर फट असेल, तर भिंत ५० डेसिबलची असूनही एकत्रित परिणाम ३२-३३ डेसिबलच्या वर जात नाही. एकूण क्षेत्रफळाच्या १ टक्का भाग उघडा असेल, तर तो आकडा २० वर अडकतो. केबल ट्रे भिंतीतून आरपार नेताना पाडलेले भोक, सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीचा मार्ग, छताच्या वर न पोहोचवलेले पार्टिशन, एसीच्या पाइपसाठी पाडलेले आणि कधीच न बुजवलेले छिद्र, या सर्वांतून महागड्या भिंतीचे पैसे गळून जातात. कंत्राटदाराशी बोलताना भिंतीच्या जाडीपेक्षा दाराचे रबर, उंबरा आणि भोकांभोवतीचे सीलंट यांवर अधिक वेळ घालवावा, असे माझे मत आहे.

काचेचा आग्रह येथे बहुतेक मालक धरतात आणि तो रास्तही आहे, कारण नियोजन करणाऱ्याला लाइन चालू आहे की थांबली हे बसल्या जागी दिसले पाहिजे. त्यासाठी एकाच जाडीच्या दोन काचांऐवजी ६ आणि १० मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाडीच्या काचा, त्यांच्यामध्ये शक्य तितके, सुमारे १०० मिलिमीटर अंतर ठेवून बसवाव्यात. समान जाडीच्या काचा एकाच स्वरावर थरथरतात आणि त्या स्वराला दोन्ही एकदम वाट देतात. ही खिडकी उघडणारी नसावी. दाराशी मात्र जागा असल्यास दोन दारांमध्ये लहानसा बोळ ठेवावा. एक दार उघडले तरी दुसरे बंद राहते, आणि आवाजाबरोबर धूळ व तेलाचा वासही बाहेर राहतो. शौचालये, स्टेशनरीची खोली, सर्व्हर आणि कागदपत्रांची कपाटे यंत्रांच्या बाजूला आणि टेबले त्यांच्या पलीकडे, अशी मांडणी केली तर एक पैसाही न वाढवता आणखी एक भिंत मिळते.

हवेतून येणारा आवाज अडवला तरी जमिनीतून येणारी थरथर उरते. पॉवर प्रेसचा पाया आजूबाजूच्या फरशीपासून सांधा सोडून वेगळा केलेला नसेल, तर प्रत्येक ठोका थेट टेबलापर्यंत येतो. जागा वाचवण्यासाठी शेडमध्ये मेझनिन, म्हणजे जमीन आणि छप्पर यांच्या मधला मजला टाकून वर ऑफिस करण्याची पद्धत आता सर्वत्र दिसते, आणि तिच्यात एक ठरलेली चूक आढळते: मेझनिनच्या तुळया क्रेनच्या गॅन्ट्रीच्या, म्हणजे क्रेन ज्यावरून सरकते त्या उंच मार्गाच्या, खांबांना जोडल्या जातात. खांब आयते उभे असतात, त्यामुळे मोह होतो. पण क्रेन सुरू होताना आणि थांबताना तिचा धक्का त्याच खांबांतून ऑफिसच्या जमिनीत उतरतो. मेझनिनला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया द्यावा. भाराचाही विचार येथेच करावा लागतो. भारतीय मानक ८७५ नुसार ऑफिसची जमीन, फायली साठवण्याची सोय वेगळी असेल तर दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो आणि नसेल तर ४०० किलो वापर-भारासाठी धरली जाते. ज्या छपरावर केवळ देखभालीसाठीच चढायचे असते, त्यासाठी हा आकडा जेमतेम ७५ किलो आहे. छप्पर पेलणाऱ्या जुन्या कैच्यांना (त्रिकोणी सांगाड्यांना) फॉल्स सीलिंग, डक्ट आणि एसीची युनिटे टांगण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करून घेणे, हा केवळ कागदोपत्री उपचार नव्हे.

उष्णतेच्या बाबतीत आपला प्रदेश फारशी दया दाखवत नाही. मे महिन्यात भर दुपारी छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास एक किलोवॉट इतकी सूर्याची ऊर्जा पडते आणि उघडा पत्रा साठ अंशांच्या पुढे तापतो. असा पत्रा खालच्या माणसाकडे उष्णता किरणांनी फेकतो. खोलीतील हवा एसीने २४ अंशांवर आणली तरी डोके तापल्यासारखे का वाटते, याचे उत्तर यात आहे. त्यामुळे एसीचा टनेज वाढवण्याआधी छपराला पांढरा परावर्तक रंग, आतून ५० ते ७५ मिलिमीटर रॉकवूलचे अस्तर आणि शेडच्या माथ्यावर तापलेली हवा बाहेर सोडणारे टर्बो व्हेंटिलेटर, हा क्रम पाळावा. खोलीत खोली केल्याचा फायदा येथेही दिसतो: २०० चौरस मीटरचे, ३ मीटर उंचीचे ऑफिस थंड करायचे म्हणजे ६०० घनमीटर हवा थंड करायची, तर वरच्या उदाहरणातील पूर्ण शेडमध्ये तिच्या आठपट हवा असते. रॉकवूल पत्र्याखाली असेल, तर पावसाळ्यात त्याचा दुसरा उपयोगही होतो. उघड्या पत्र्यावर मुसळधार पाऊस पडत असताना फोनवर बोलणे अशक्य होते. मऊ थर थेंबांच्या आघाताचा आवाज बराच शोषून घेतो. मात्र थंड ऑफिसच्या छतावर दमट हवेतील बाष्प जाऊन पाणी साठू नये, म्हणून बाष्परोधक पडदा अस्तराच्या उष्ण, म्हणजे बाहेरच्या बाजूला हवा. थंड देशांतील घरांची चित्रे पाहून तो आतल्या बाजूला लावलेला आढळतो, आणि मग दोन पावसाळ्यांत जिप्समवर काळे डाग उमटतात.

जुन्या शेडवर सिमेंटचा राखाडी पत्रा असेल, तर तो ॲस्बेस्टॉसचा असण्याची दाट शक्यता असते. तो अखंड असताना धोका कमी असतो, परंतु त्यात भोके पाडताना, कापताना किंवा फोडताना उडणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन राहतात आणि त्यांचे दुष्परिणाम काही दशकांनी दिसतात. ऑफिसचे स्पॉटलाइट टांगण्यासाठी अशा पत्र्यावर ड्रिल चालवणे हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.

हवेविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही; खोलीतील हवाच तो फिरवून थंड करतो. आवाजासाठी सर्व फटी बुजवलेल्या केबिनमध्ये वीस माणसे बसली की दुपारपर्यंत कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोळे जड होतात आणि दोष जेवणाला दिला जातो. माणशी दर सेकंदाला ८ ते १० लिटर ताजी हवा मिळावी, असा साधारण हिशेब आहे. ही हवा शेडमधून न घेता बाहेरून, फिल्टरमधून आणि आवाज शोषणाऱ्या डक्टमधून आणावी, आणि बाहेर काढल्या जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त आत सोडावी. त्यामुळे ऑफिसमधील दाब थोडा वरचढ राहतो, आणि दार उघडताच वेल्डिंगचा धूर आत येण्याऐवजी आतली हवा बाहेर जाते. अमेरिकेतील बफेलो शहरात १९०६ साली पूर्ण झालेल्या लार्किन कंपनीच्या कार्यालयात फ्रँक लॉइड राइट यांनी हाच प्रश्न हाताळला होता: शेजारी रेल्वेचा धूर होता, म्हणून त्यांनी इमारत बाहेरच्या बाजूने बंदिस्त ठेवली, हवा यंत्रांनी आत आणली आणि उजेड मधल्या उंच दालनाच्या माथ्यावरून घेतला.

उजेडाच्या बाबतीत मात्र जुन्या औद्योगिक इमारती आपल्याला काही देऊन जातात. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यांवरील करवतीच्या दात्यांसारखी छपरे लँकेशायरच्या नमुन्यावर बांधली गेली. त्यांच्या काचा उत्तरेकडे असल्याने सावली न पाडणारा, दिवसभर सारखा उजेड मिळे. परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात नंतर थाटलेल्या ऑफिसांना अशा इमारतींची उंची आणि हा उजेड आयता मिळाला. पण मँचेस्टर ५३ अंश उत्तरेला आहे आणि मुंबई १९ अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, म्हणजे दोन शून्य सावली दिवसांच्या (भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो त्या दिवसांच्या) दरम्यान, मुंबईत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे असतो. शिवाय मार्च ते सप्टेंबर तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडे कललेला. त्यामुळे आपल्याकडे उत्तरेच्या काचेलाही बाहेरून लहान आडोसा किंवा दुधी काच लागते, नाही तर संगणकाच्या पडद्यावर तिरीप येते. विजेच्या दिव्यांसाठी टेबलावर ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) पुरेसे आहेत. त्रास कमी उजेडाने होतो त्यापेक्षा विषम उजेडाने अधिक होतो: आठ मीटर उंचीवरचा शेडचा प्रखर दिवा काचेतून थेट डोळ्यांवर येत असेल, तर टेबलावरचा महागडा दिवा काही करू शकत नाही.

छत उघडे ठेवून डक्ट आणि पाइप दाखवण्याच्या सध्याच्या आवडीबद्दल मी साशंक आहे. फोटोत ते देखणे दिसते; प्रत्यक्षात शोषणारे छत जाते, पाइपांवर धूळ साचते आणि साफसफाईला शिडी लागते. जुनी वीटभिंत किंवा लोखंडी कैची खरोखर सुंदर असेल, तर तीच उघडी ठेवावी, बाकीचे झाकावे.

पूर्ण निःशब्द ऑफिस हे मात्र ध्येय नव्हे. अगदी शांत खोलीत पलीकडच्या टेबलावरचे फोनवरील संभाषण शब्दन् शब्द कळते, आणि लक्ष विचलित करण्यात कळणाऱ्या शब्दांइतके प्रभावी काहीच नाही. ४० ते ४५ डेसिबलचा एकसारखा, अर्थहीन आवाज असेल तर ते शब्द त्यात मिसळून जातात. हवा आणणाऱ्या यंत्रणेची मंद घरघर हे काम फुकट करते. लायपझिग येथील बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात, झाहा हदीद यांनी रचलेल्या आणि २००५ साली पूर्ण झालेल्या मध्यवर्ती इमारतीत, मोटारींचे सांगाडे ऑफिसच्या टेबलांवरून सरकत एका विभागातून दुसऱ्या विभागात जातात. तेथे डोक्यावरून जाते ती वाहतूक. ठोकाठोक आणि जोडणी बाजूच्या विभागांत होते. चालू कारखाना नजरेसमोर ठेवायचा आणि त्याचा गोंगाट मात्र दुसरीकडे ठेवायचा, हे त्यामुळे साधते.

आगीचा विचार रचनेच्या पहिल्या कागदावर असावा. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. औद्योगिक इमारतीचा वापर बदलतो तेव्हा माणसांची संख्या आणि जळणाऱ्या वस्तू वाढतात, पण बाहेर पडण्याच्या वाटा बहुधा जुन्याच राहतात. मेझनिनवरील ऑफिसला एकमेकांपासून दूर असे दोन जिने हवेत आणि त्यांपैकी एक शेडमध्ये न उतरता थेट बाहेर जावा. अस्तरासाठी थर्माकोल किंवा साधा फोम घेऊ नये; रॉकवूल थोडे महाग असते, पण ते जळत नाही.

खर्चाचा क्रम लावायचा झाला, तर माझ्या यादीत सर्वांत वर ऑफिस येतच नाही. कॉम्प्रेसर शेडबाहेर स्वतंत्र आडोशाखाली हलवणे, ब्लो गनना (दाबाच्या हवेने साफसफाई करणाऱ्या पिस्तुलांना) कमी आवाजाच्या नोझल लावणे, पत्र्याच्या पेटीत तुकडे पडतात तेथे आतून रबर बसवणे आणि छताला अस्तर लावणे ही कामे आधी व्हावीत. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती मर्यादा सोसणारी माणसे काचेच्या पलीकडे उभी असतात. उगमापाशी कमी केलेला प्रत्येक डेसिबल त्यांच्याही कानांवरून उतरतो आणि ऑफिसची भिंतही स्वस्त होते.

काम ताब्यात घेताना सर्व यंत्रे चालू ठेवून, दारे बंद करून, ऑफिसमधील प्रत्येक टेबलावर आवाज मोजावा. मोबाइलवरील ॲप ढोबळ तुलनेसाठी चालते, पण करारातील आकड्यासाठी प्रमाणित मीटर आणावा. हा आकडा करारात आधीच लिहिलेला असावा, कारण ‘साउंडप्रूफ’ या शब्दाला बिलाच्या वेळी काहीच अर्थ उरत नाही. कंत्राटदाराच्या रकमेतील काही भाग एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा. छताची गळती, पत्र्याचा आवाज आणि भिंतीतील ओल यांची परीक्षा जुलैतच होते.